टपालाचे कर्ज आणि सरकारची तिजोरी : हा हिशेब कसा वाचावा

टपाल खाते तोट्यात असल्याची बातमी अधूनमधून छापून येते, आणि तिच्यापाठोपाठ ‘मग पोस्टात ठेवलेल्या पैशांचे काय?’ हा प्रश्न पुण्याच्या पेठांतल्या घरांतून, ज्येष्ठांच्या कट्ट्यांवरून आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतूनही हमखास विचारला जातो. या एका प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टी कालवलेल्या असतात : टपाल सेवा चालवताना येणारी तूट, टपाल संस्थेने काढलेले कर्ज आणि टपाल कचेरीच्या खिडकीवर जमा होणाऱ्या ठेवी. तिन्हींचा संबंध सरकारच्या तिजोरीशी येतो खरा, परंतु प्रत्येकीची वाट वेगळी आहे आणि त्या वाटांपैकी एक तर उलट दिशेने जाते. कोणत्याही देशाच्या टपाल सेवेचा हा हिशेब वाचकाला स्वतः कागदपत्रे उघडून तपासता यावा, यासाठी तो कोणत्या क्रमाने वाचावा हे येथे सांगितले आहे. त्यासाठी प्रथम अमेरिकेचे उदाहरण घेतले आहे, कारण तेथे टपालाचे कर्ज कायद्याच्या कलमांत उघडपणे मांडलेले आहे. त्यानंतर भारताकडे वळले आहे, जेथे अशा अर्थाने कर्जच नाही.

चूल एकच की वेगळी, हे आधी ठरवावे

आकड्यांना हात घालण्यापूर्वी पहिली तपासणी कायद्याची करावी. टपाल सेवा हे सरकारचे खाते आहे, की स्वतःचा ताळेबंद असलेले वेगळे मंडळ किंवा कंपनी आहे, याचे उत्तर मिळाल्याशिवाय ‘कर्ज’ हा शब्द वापरणे धोक्याचे ठरते. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या भावाचा खर्च त्याच्या कमाईपेक्षा जास्त झाला, तर घराच्या सामाईक पैशातून तो भागतो आणि त्याच्या नावावर उधारी लागत नाही. वेगळी चूल मांडलेल्या भावाला मात्र रीतसर उसने घ्यावे लागतात, मग देणारे थोरले घरच का असेना. भारताचा टपाल विभाग हा दळणवळण मंत्रालयाखालील सरकारी विभाग आहे, म्हणून तो पहिल्या प्रकारात मोडतो. अमेरिकेची टपाल सेवा १९७०च्या टपाल पुनर्रचना कायद्याने १ जुलै १९७१ पासून वेगळी झाली, म्हणून ती दुसऱ्या प्रकारात मोडते.

ही तपासणी एकदा करून भागत नाही, कारण दर्जा बदलतो. ब्रिटनचे टपाल शतकानुशतके सरकारी खाते होते, १९६९ मध्ये ते सार्वजनिक महामंडळ झाले आणि २०१३ मध्ये रॉयल मेलचे समभाग बाजारात विकले गेले. त्या विक्रीच्या आधी, २०१२ मध्ये, सरकारने रॉयल मेलच्या निवृत्तिवेतन योजनेचे जुने दायित्व स्वतःकडे घेतले होते. एखाद्या वर्षी टपाल संस्थेचा ताळेबंद अचानक सुधारलेला दिसला, तर तो धंद्याने सुधारला की दायित्व तिजोरीने उचलल्यामुळे सुधारला, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अमेरिकेत तिजोरी टपालाला कर्ज कसे देते

वेगळ्या चुलीचा हिशेब वाचताना चार गोष्टी शोधाव्यात : कर्जाची कमाल मर्यादा, एका वर्षात वाढवता येणारी रक्कम, प्रत्यक्ष पैसे देणारी संस्था आणि व्याजाचा दर. अमेरिकेच्या टपाल कायद्यात, म्हणजे तेथील संहितेच्या ३९व्या शीर्षकात, पहिल्या दोन गोष्टी कलम २००५ मध्ये मिळतात. मूळ कायद्याने टपाल सेवेला एकूण १० अब्ज डॉलरपर्यंत कर्ज काढण्याची मुभा दिली होती. १९९१ मध्ये ही मर्यादा साडेबारा अब्ज आणि १९९२ मध्ये १५ अब्ज डॉलर झाली. कोणत्याही एका आर्थिक वर्षात कर्जाची निव्वळ वाढ ३ अब्ज डॉलरपेक्षा जास्त होऊ नये, अशी दुसरी कडी त्याच कलमात आहे. यातील ‘निव्वळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वर्षभरात टपाल सेवेने कितीही वेळा पैसे उचलले आणि फेडले तरी कायदा वर्षअखेरच्या फरकाकडे पाहतो. त्यामुळे मधल्या एखाद्या महिन्यातील शिल्लक कर्ज घेऊन वार्षिक मर्यादेशी तुलना करणारा लेख वाचनात आला, तर तो बाजूला ठेवलेला बरा.

पैसे कोण देतो, याचे उत्तर पुढच्याच कलमात, म्हणजे कलम २००६ मध्ये दडलेले आहे आणि ते फारसे कोणी वाचत नाही. टपाल सेवेला रोखे विकायचे असतील, तर तिने किमान पंधरा दिवस आधी अर्थमंत्र्यांशी विचारविनिमय करावा लागतो. ते रोखे स्वतः घ्यायचे की नाही, हे अर्थखाते ठरवते. त्याने नकार दिला तरच टपाल सेवा बाजाराकडे वळू शकते. मात्र याला एक पोटकलम जोडलेले आहे, ज्यानुसार टपाल सेवा २ अब्ज डॉलरच्या मर्यादेत आपले रोखे विकत घेण्यास अर्थखात्याला भाग पाडू शकते. म्हणजे नकाराचा अधिकार तिजोरीकडे असला, तरी तो सर्वस्वी मोकळा नाही. सरकारची पूर्ण हमी प्रत्येक रोख्याला आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते, हेही याच कलमात आहे. ज्यांना ‘सरकारी संस्था म्हणजे सरकारी हमी’ असे समीकरण सवयीचे झाले आहे, त्यांनी हे कलम सावकाश वाचावे.

सुरुवातीला टपाल सेवेने बाजाराचा रस्ता धरूनही पाहिला होता आणि १९७२ मध्ये २५ कोटी डॉलरचे रोखे लोकांना विकले होते. पण त्या काळात अनेक सरकारी संस्था आपापले रोखे घेऊन एकाच बाजारात उतरत होत्या आणि प्रत्येकीला खुद्द सरकारपेक्षा जास्त व्याज मोजावे लागत होते, जरी पाठीशी सरकारच असले तरी. हा वायफळ खर्च टाळण्यासाठी १९७३च्या कायद्याने अर्थखात्याच्या देखरेखीखाली फेडरल फायनान्सिंग बँक स्थापन झाली. नावात बँक असली, तरी तिच्याकडे खातेदार रांगेत उभे राहत नाहीत. ती अर्थखात्याकडून पैसे घेते आणि सरकारी संस्थांना देते, एवढेच तिचे काम आहे. अर्थखाते ते पैसे नेहमीचे सरकारी रोखे विकून उभारते.

आता एक व्यवहार जवळून पाहू. टपाल सेवेला गाड्या घेण्यासाठी १ अब्ज, म्हणजे १०० कोटी डॉलर हवे आहेत असे समजा. तिचे नियामक मंडळ कर्जाला मंजुरी देते आणि टपाल सेवा या बँकेच्या नावाने एक वचनचिठ्ठी लिहून देते. अनेक वर्षे लागू असलेल्या करारात ४ अब्ज डॉलरची फिरती (फेडून पुन्हा उचलता येणारी) कर्जसोय होती, तिच्यातील ३.४ अब्ज डॉलर दोन दिवसांच्या सूचनेवर आणि ६० कोटी डॉलर त्याच दिवशी उचलता येत. तेवढ्याच रकमेसाठी बँक अर्थखात्याकडे आपले कर्ज नोंदवते आणि अर्थखाते ‘टपाल सेवा निधी’ या तिजोरीतीलच खात्यात रक्कम जमा करते. पैसा तिजोरीच्या इमारतीबाहेर गेलेलाच नसतो, तरी तीन वह्यांत नोंदी झालेल्या असतात. टपाल सेवेच्या वहीत देणे, बँकेच्या वहीत येणे आणि देणे, अर्थखात्याच्या वहीत येणे. टपाल सेवा पुरवठादाराचे बिल चुकते करते, तेव्हा कोठे पैसा बाहेर पडतो.

व्याजाचा हिशेबही सोपा आहे. तितक्याच मुदतीच्या सरकारी रोख्यावर जो दर असेल, त्यात साधारणतः एक अष्टमांश टक्का, म्हणजे ०.१२५ टक्के मिळवले जातात. उदाहरणापुरता सरकारी दर ४ टक्के धरला, तर टपाल सेवेला ४.१२५ टक्के पडतात. म्हणजे १०० कोटी डॉलरवर वर्षाचे व्याज ४ कोटी १२ लाख ५० हजार डॉलर झाले आणि त्यातील वरकड केवळ १२ लाख ५० हजार डॉलर. एवढ्या स्वस्तात खाजगी कंपनीला सहसा कर्ज मिळत नाही. टपाल सेवेला करदात्यांकडून काहीच मिळत नाही असे सांगणारे आणि ती करदात्यांच्या जिवावर जगते असे सांगणारे, दोघेही ही सवलत हिशेबात धरायला विसरतात. तिला दरवर्षी चालू खर्चासाठी अनुदान मिळत नाही हे खरे. स्वस्त कर्ज ही मात्र मदतच आहे, आणि तिची किंमत मोजायची असेल तर बाजारातील तुलनात्मक दर व हा दर यांतील फरक काढावा लागतो.

व्याजाची रक्कम पुन्हा तिजोरीच्याच एका कप्प्यात येत असल्यामुळे देशाच्या एकूण कर्जात टपालाचे कर्ज वेगळे मिळवू नये. अर्थखात्याने बाजारातून जे उचलले ते राष्ट्रीय कर्जात एकदा आलेलेच असते, तीच रक्कम टपालाच्या नावाने पुन्हा धरली तर ती दोनदा मोजली जाते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि वर्तमानपत्रातही ही चूक वारंवार आढळते.

फेडता आले नाही तर काय होते

कर्जाचा खरा स्वभाव ते थकल्यावर कळतो, म्हणून वाचकाने जास्तीत जास्त वेळ या टप्प्यावर द्यावा. अमेरिकेच्या टपाल सेवेने सप्टेंबर २०१२ मध्ये १५ अब्ज डॉलरची मर्यादा गाठली. त्याच वर्षी १ ऑगस्टचा ५.५ अब्ज आणि ३० सप्टेंबरचा ५.६ अब्ज डॉलरचा असे दोन हप्ते तिने भरले नाहीत. बातम्यांत ‘टपाल सेवेने कर्ज बुडवले’ असे आले, पण हे हप्ते फेडरल फायनान्सिंग बँकेचे नव्हते. डिसेंबर २००६च्या कायद्याने निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याची भावी रक्कम आगाऊ साठवण्याचे बंधन टपाल सेवेवर घातले होते. त्यानुसार दरवर्षी सुमारे साडेपाच अब्ज डॉलर एका सरकारी निधीत भरायचे होते, आणि चुकले ते हे हप्ते. बँकेची देणी मात्र टपाल सेवा वेळेवर देत राहिली.

येथे दोन सरकारी कप्पे समोरासमोर येतात. एका कप्प्याने टपालाला कर्ज दिलेले असते आणि दुसरा टपालाकडून रक्कम येण्याची वाट पाहत असतो. रोकड अपुरी पडली तेव्हा टपाल सेवेने दुसऱ्या कप्प्याला थांबवले आणि पगार, इंधन व पहिल्या कप्प्याचे व्याज चालू ठेवले. अशा वेळी केवळ ‘कर्ज’ या ओळीखालचा आकडा पाहणारा वाचक फसतो. त्या ओळीत १५ अब्जच दिसतात, कारण मर्यादेपलीकडे ती ओळ वाढूच शकत नाही. वाढत असते ती न भरलेल्या हप्त्यांची रक्कम, आणि ती ताळेबंदात भलत्याच नावाखाली असते. म्हणून कर्जमर्यादा गाठलेल्या कोणत्याही संस्थेचा ताळेबंद वाचताना ‘सरकारी निधींना देय’ अशा स्वरूपाच्या ओळी आवर्जून शोधाव्यात. तिजोरीने दिलेल्या पतपुरवठ्याचा तो दुसरा आणि बहुधा मोठा भाग असतो.

या थकबाकीचा शेवट कसा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०२२च्या टपाल सुधारणा कायद्याने आगाऊ साठवणुकीचे बंधन काढून टाकले आणि थकलेले सुमारे ५७ अब्ज डॉलर रद्द केले. त्यासाठी कोणी कोणाला रोख दिली नाही. कायद्यातील काही ओळींनी एका वहीतील देणे आणि दुसऱ्या वहीतील येणे एकदमच पुसले गेले.

त्याहून बोलके उदाहरण करोनाच्या वर्षाचे आहे. मार्च २०२०च्या मदत कायद्याने टपाल सेवेला नेहमीच्या मर्यादेव्यतिरिक्त १० अब्ज डॉलर अर्थखात्याकडून कर्जाऊ घेण्याचा अधिकार दिला. अर्थखाते आणि टपाल सेवा यांच्यात अटींवरून बरीच ओढाताण झाली आणि जुलैअखेर तडजोड झाली. डिसेंबर २०२० मध्ये संसदेने पुढचा कायदा करून या रकमेच्या परतफेडीची अटच काढून टाकली. जुलैत जे कर्ज होते ते डिसेंबरात अनुदान झाले. रक्कम तीच, देणारा तोच, घेणाराही तोच. म्हणून सरकारने आपल्याच संस्थेला दिलेल्या पैशाला कर्ज म्हटले आहे एवढ्यावर न थांबता त्यानंतरच्या प्रत्येक कायद्यात त्या रकमेचे काय झाले, हे शोधत जावे. माझ्या मते अशा हिशेबात मूळ करारापेक्षा नंतरच्या दुरुस्त्याच अधिक वाचनीय असतात.

भारतात तूट कोठे शोधावी

आता आपल्याकडे येऊ. भारतीय टपाल विभागाला स्वतःचे कर्ज काढता येत नाही, त्यामुळे ‘इंडिया पोस्टवर किती कर्ज आहे’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. विभागाची सगळी कमाई भारताच्या एकत्रित निधीत जाते आणि सगळा खर्च त्याच निधीतून, संसदेच्या मंजुरीने होतो. संविधानाचा अनुच्छेद २६६ आणि अनुदानाच्या मागण्यांविषयीचा अनुच्छेद ११३ एकत्र वाचले की हे स्पष्ट होते. कमाई आणि खर्च यांतील फरक म्हणजे टपाल तूट. ती भरून काढणारा वेगळा सावकार नसतो. केंद्राच्या सर्वसाधारण महसुलातून आणि महसूल अपुरा पडेल तेथे केंद्राने रिझर्व्ह बँकेमार्फत विकलेल्या रोख्यांतून ती भागते. व्याज केंद्र भरते, टपाल विभागाच्या नावावर ते कधी चढत नाही.

ही तूट शोधण्यासाठी अर्थसंकल्पासोबत प्रसिद्ध होणारी खर्चाची पुस्तिका उघडावी आणि दळणवळण मंत्रालयाखालील टपाल विभागाच्या मागणीचे पान काढावे. मागणीचा क्रमांक वर्षागणिक सरकू शकतो, म्हणून क्रमांकाऐवजी विभागाच्या नावाने शोधणे सोयीचे. लेखाशीर्षे, म्हणजे सरकारी हिशेबातील बाबींचे ठरलेले क्रमांक, मात्र स्थिर आहेत : १२०१ हे टपाल जमेचे, ३२०१ हे टपाल सेवेच्या महसुली खर्चाचे आणि ५२०१ हे भांडवली खर्चाचे. इमारती, यंत्रे, संगणकीकरण अशा गोष्टी ५२०१ खाली येतात, तर पगार आणि निवृत्तिवेतन ३२०१ खाली. खर्चाचा बहुतांश भाग या शेवटच्या दोन बाबींचाच असतो. त्यामुळे वेतन आयोग लागू झाला की तूट उडी घेते आणि त्या वर्षी टपालाची कार्यक्षमता घसरली असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

त्या पानावर आधी एकूण खर्च, मग जमेची वजावट आणि शेवटी निव्वळ रक्कम असा क्रम असतो. एका वर्षाचा एकूण खर्च आणि दुसऱ्या वर्षाची निव्वळ रक्कम यांची तुलना करून ‘खर्च निम्म्यावर आला’ असे लिहिणारे सापडतात. दोन्ही वर्षांच्या एकाच ओळीवर बोट ठेवूनच तुलना करावी. त्याचप्रमाणे कोणत्याही पानावर तीन प्रकारचे आकडे असतात : पुढील वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात २०२३-२४च्या प्रत्यक्ष रकमा आहेत, त्यापुढच्या नाहीत. घाई नसेल तर प्रत्यक्ष रकमांवरच विसंबावे. वर्षाच्या मध्ये तूट अंदाजापलीकडे गेली, तर सरकार अनुच्छेद ११५ नुसार पुरवणी मागणी मांडते. ती यादी न पाहता केलेला हिशेब अपुरा राहतो.

तूट का येते, याचे एक उत्तर दरपत्रकात आहे. पोस्टकार्ड वर्षानुवर्षे ५० पैशांवरच राहिले. राजगड (पूर्वीचा वेल्हे) किंवा भोर तालुक्यातील एखाद्या वाडीपर्यंत ते पोचवण्याचा खर्च त्या ५० पैशांत निघत नाही, हे दर ठरवणाऱ्यांना पुरते ठाऊक असते. देशभरातील दीड लाखाहून अधिक टपाल कचेऱ्यांपैकी बहुसंख्य ग्रामीण भागात आहेत. त्या तेथे ठेवायच्या आणि दर सर्वांना परवडणारे ठेवायचे, हा निर्णय सरकारचा आहे, आणि तूट हे त्या निर्णयाचे बिल आहे. तिला सरसकट गैरव्यवस्थेचा पुरावा मानणे मला पटत नाही. कोणता भाग धोरणाचा आणि कोणता ढिसाळपणाचा, हे वेगळे काढण्यासाठी नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे टपाल विभागावरील अहवाल आणि संसदेच्या दळणवळण व माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीचे अहवाल वाचावेत. मागण्यांच्या पुस्तिकेत फक्त रकमा असतात, कारणे या अहवालांत मिळतात. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर केलेल्या पहिल्या भाषणात सरकारची शिल्लक ही भरभराटीची खूण का नाही, हे त्याच सरकारच्या आकड्यांवरून दाखवले होते. तूट वाचतानाही तीच रीत लागू पडते.

ठेवींचा पैसा उलट दिशेने जातो

सगळ्यात मोठा गोंधळ येथे होतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टात एखाद्या काकांनी मासिक उत्पन्न योजनेत ९ लाख रुपये ठेवले, तर त्यांच्या बोलण्यात ‘पोस्टाला पैसे दिले’ असेच येते. प्रत्यक्षात टपाल विभागाने ते अर्थ मंत्रालयासाठी स्वीकारलेले असतात. ही रक्कम एकत्रित निधीत न जाता अनुच्छेद २६६च्या दुसऱ्या खंडातील लोकलेख्यात, म्हणजे सरकार इतरांच्या वतीने सांभाळत असलेल्या पैशाच्या खात्यात, जाते. तेथे १ एप्रिल १९९९ पासून राष्ट्रीय अल्पबचत निधी आहे. बचत ठेवींसाठी ८००१, बचतपत्रांसाठी ८००२ आणि पीपीएफसाठी ८००६ ही लेखाशीर्षे आहेत. काकांचे ९ लाख त्यांना परत करण्याची जबाबदारी थेट केंद्र सरकारची असते, टपाल विभागाच्या तोट्याशी तिचा काडीचाही संबंध नसतो.

निधीत जमलेल्या पैशाचे पुढे काय होते, हे तपासण्यासाठी ‘अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात’ या छोट्या पुस्तिकेत वित्तीय तूट भरून काढण्याच्या साधनांचा तक्ता पाहावा. त्यात बाजारातील कर्जाखालोखाल अल्पबचतीच्या बदल्यात दिलेल्या रोख्यांची ओळ असते. म्हणजे अल्पबचत निधी केंद्र सरकारचे विशेष रोखे घेतो, केंद्र त्यावर निधीला व्याज देते आणि निधी ठेवीदाराला व्याज देतो. पूर्वी जमा झालेल्या रकमेचा मोठा हिस्सा राज्यांना कर्जाऊ मिळत असे. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर दिल्ली, केरळ, मध्य प्रदेश आणि अरुणाचल प्रदेश वगळता राज्ये त्यातून बाहेर पडली, त्यांत महाराष्ट्रही आला. त्यामुळे पुण्यात जमा होणाऱ्या अल्पबचतीचा नवा पैसा राज्य सरकारच्या कर्जात जात नाही, हे येथील वाचकाने ध्यानात ठेवावे. जुन्या लेखांत नेमके उलट लिहिलेले आढळेल.

याच निधीने २०१६-१७ पासून काही वर्षे भारतीय अन्न महामंडळाला कर्ज दिले होते. अन्न अनुदानापोटी महामंडळाला मिळायची रक्कम केंद्राने पूर्ण न देता त्याला निधीकडून उसने घेऊ दिले, त्यामुळे केंद्राची वित्तीय तूट कागदावर लहान दिसत राहिली. फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पात ही पद्धत थांबवल्याचे जाहीर झाले आणि थकलेले अनुदान एकदम खर्चात धरले गेले. अमेरिकेत तिजोरी टपालाला उसने देते, आपल्याकडे टपालातून आलेला पैसा तिजोरीने दुसऱ्या सरकारी संस्थेला उसना दिला. जपानमध्ये तर टपाल बचतीचा पैसा २००१ पर्यंत सक्तीने अर्थखात्याच्या निधीत जात असे आणि तेथून सार्वजनिक गुंतवणुकीसाठी कर्जाऊ दिला जाई.

ठेवी गोळा करण्याच्या कामाबद्दल टपाल विभागाला अर्थ मंत्रालयाकडून खात्यांच्या संख्येवर मोबदला मिळतो, आणि हा मोबदला विभागाच्या कमाईतील सर्वांत मोठ्या बाबींपैकी एक आहे. तो अल्पबचत निधीच्या व्यवस्थापन खर्चातून येतो आणि टपाल जमेत दिसतो. याचा परिणाम असा, की मोबदल्याचा दर वाढवला तर टपालाची तूट कमी दिसेल आणि निधीचा खर्च वाढलेला दिसेल. केंद्राच्या एकत्रित हिशेबात फारसे काहीच बदललेले नसेल. म्हणून टपाल तुटीत मोठी घट झालेली दिसल्यास आधी मोबदल्याची ओळ तपासावी, मगच टपाल व्यवसाय वाढला असे म्हणावे.

पेमेंट्स बँकेची ओळ वेगळी वाचावी

इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक ही त्याच कचेरीत, बऱ्याचदा त्याच खिडकीवर दिसत असली, तरी ती टपाल विभागाच्या मालकीखालील स्वतंत्र कंपनी आहे आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण आहे. १ सप्टेंबर २०१८ रोजी तिचा देशभर प्रारंभ झाला. तिच्यासाठी मंत्रिमंडळाने मंजूर केलेला एकूण खर्च आधी ८०० कोटी, मग १,४३५ कोटी आणि एप्रिल २०२२ मध्ये २,२५५ कोटी रुपये झाला. सरकारने दिलेला हा पैसा मुख्यत्वे भागभांडवल आहे. त्याला परतफेडीची तारीख नसते आणि व्याजही नसते, म्हणून तो तुटीत किंवा कर्जात मिळवू नये. ठेवीदाराच्या दृष्टीनेही फरक आहे. टपाल बचत खात्यामागे थेट केंद्र सरकार उभे असते, तर पेमेंट्स बँकेतील शिल्लक ही बँकेतील ठेव असल्याने तिला ५ लाखांपर्यंतचे ठेव विम्याचे कवच लागू होते, आणि दिवसअखेर तेथे २ लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम ठेवता येत नाही. पासबुकाच्या मुखपृष्ठावर कोणते नाव छापले आहे, एवढे पाहिले तरी आपला पैसा यांपैकी कोणाकडे आहे ते कळते.